उल्कावीरच्या आत्याचं मरण

कमळाआत्याला मारायचं ठरलं, तेव्हा मी समोरच्या खुर्चीवर बसले होते आणि एक शब्दही बोलले नाही.

“आत्या मेलीच पाहिजे,” विक्रांत म्हणाला. त्यानं टेबलावर पाच-सहा हिंदी-इंग्रजी कॉमिक्स पसरून ठेवली होती. सगळ्यांच्या मुखपृष्ठांवर अंधार, धूर आणि दातओठ खाणारी माणसं. “हे बघा बाई. आता जगात हे चालतं. आणि आपला उल्कावीर? आकाशातून येतो, गुंडाच्या टाळक्यात टपली मारतो आणि आत्याच्या हातची थालीपीठं खायला घरी पळतो! कोण वाचणार हे?”

मी हातातली प्रुफं बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं पाहिलं.

“काळदंत आत्याला मारणार. उल्कावीर हसायचं विसरणार. आणि शेवटच्या पानावर तो काळदंताला किल्ल्याच्या कड्यावरून खाली फेकणार. खलास! पटतंय ना?”

मी बघत राहिले.

“काही हरकत असेल तर आत्ताच सांगा बाई. मागाहून कुरकुर नको.”

आतल्या खोलीत छपाईचं मशीन खडखडत होतं. विक्रांतनं थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याचा चेहरा खुलला. “मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. काकांनी उगीच घाबरवलं मला,” असं म्हणून त्यानं कॉमिक्स गोळा केली आणि शीळ घालत निघून गेला.

त्या दिवशी चतुर्दशी होती. अष्टमी-चतुर्दशीला सूर्य मावळेपर्यंत माझं मौन असतं. तेव्हाही होतं, आजही आहे. मौन म्हणजे तोंड बंद आणि खुणाही बंद. हातवारे करून बोलायचं तर मग तोंडानंच का बोलू नये? त्या दिवशी मी नवं काही लिहीतही नसे, फक्त प्रुफं तपासायची. सांगलीतल्या शिंत्र्यांच्या त्या छापखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण छापखान्याचे मालक बापूसाहेब शिंत्रे डोळ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडले होते, चित्रं काढणारे मुजावर मास्तर भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले होते, आणि बापूंचा हा पुतण्या मुंबईहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

मनात म्हटलं, उद्या सकाळी शांतपणे सांगू. ‘उल्कावीर’ हे आमचं मासिक. त्याची प्रत्येक गोष्ट मी लिहिलेली होती. अंकावर नाव असायचं र. भू. मगदूम, त्यामुळं मुलं मला ‘प्रिय मगदूमकाका’ म्हणून पत्रं पाठवायची. अलीकडं पत्रं कमी झाली होती आणि न खपता परत येणारे अंकांचे गठ्ठे वाढले होते, हे मलाही दिसत होतं. विक्रांतला घाई का झालीय तेही कळत होतं. चालू अंकाचं मागचं पान त्याच दुपारी रंगीत छपाईसाठी कोल्हापूरला जाणार होतं, एवढं मात्र मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन छापखान्यात पोचले, तर मुजावर मास्तर दारातच उभे. हातात छापून आलेलं पान.

“अक्का, हे काय वो? मी दोन दिवस लग्नाला काय गेलो, तुम्ही आत्याला मारून मोकळ्या?”

पानावर लाल अक्षरांत छापलं होतं : ‘पुढच्या अंकात आत्याचा मृत्यू! उल्कावीर हसायचं विसरणार!’

तेवढ्यात विक्रांत आला. मी त्याला म्हटलं, “विक्रांत, हे मला मान्य नव्हतं.”

तो चपापलाच. माझं आदल्या दिवशीचं गप्प बसणं त्यानं होकारच धरलं होतं ना. “मग काल का नाही बोललात?”

“काल चतुर्दशी होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे अक्कांचं मौन,” मुजावर मास्तर म्हणाले. “त्या दिवशी मशीनवरचा बाळूसुद्धा त्यांना चहा विचारत नाही. तुम्ही थेट खुनाचं विचारलं.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“तुम्ही कुणाला विचारलंत?”

विक्रांत खुर्चीत बसला. कोल्हापूरला पानं हजारांनी छापून झाली होती, ती काही धुऊन निघणार नव्हती. मास्तरांनी दाढी खाजवत तोड काढली. “एवढं काय त्यात! पहिल्या पानावर आत्या मरते, शेवटच्या पानावर उल्कावीर जागा होतो. स्वप्न पडलं होतं म्हणायचं. नाहीतर आत्याला जुळी बहीण काढू. साडी तीच, नाकावर एक तीळ देतो.”

“नको मास्तर,” मी म्हटलं. “पोरं महिनाभर वाट बघणार, आणि आपण त्यांना स्वप्न होतं म्हणून सांगायचं? छापलं ते छापलं. आत्या मरेल.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

“आणि काळदंत?” विक्रांतनं विचारलं.

“त्याचं पानावर काही छापलेलं नाही.”

“बाई, असं कसं? आत्या मेली आणि तो जिवंत? मग सूड कुठं गेला?”

“उल्कावीरनं आजवर कुणाला मारलं नाही. माझ्या हातून तो मारणारही नाही.”

विक्रांत उठून उभा राहिला. तो काही वाईट मुलगा नव्हता. मासिक बुडू नये एवढीच त्याची धडपड होती. पण त्यानं आडपडदा ठेवला नाही. “स्पष्टच बोलतो. कोल्हापूरचे एक लेखक तयार आहेत. पुढच्या अंकात काळदंत मेला नाही, तर इथून पुढं उल्कावीर ते लिहितील. तुम्ही मुंगीलासुद्धा वळसा घालून जाता, बाई. तुम्हाला अंधार जमायचा नाही.”

मला राग आला नाही. उलट जरा हसू आलं. “शुक्रवारी बापूंना सगळी गोष्ट वाचून दाखवते,” मी म्हटलं. “त्यांना नाही पटली, तर उल्कावीर तुमचा. आत्ता मात्र माझ्याबरोबर चला. अंधार दाखवते.”

बस्ती दोन गल्ल्या पलीकडं होती. दर्शन झाल्यावर मी त्याला बाजूच्या ओवरीत नेलं. तिथं भिंतभर सात नरकांची चित्रं आहेत. करवतीनं उभं चिरलं जाणारं माणूस, उकळत्या कढईतून वर आलेले हात, तलवारीच्या पात्यांसारखी पानं असलेलं झाड आणि त्याच्याखाली सावलीला म्हणून धावत आलेली माणसं. खाली कुणी काय केलं म्हणून ही शिक्षा, ते लिहिलेलं.

विक्रांत एकेका चित्रापुढं थांबत गेला. झाडापाशी त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं.

“लहान मुलांना दाखवता हे?”

“मी पाच वर्षांची असल्यापासून बघते.”

“मग झोप लागायची?”

“छान लागायची. मी काही केलंच नव्हतं ना.”

तो हसला नाही. “बाई, मग तुम्ही हे लिहीत का नाही?”

“लिहीन की. पण या सगळ्या भिंतीवर एक माणूस नाहीये. सापडतंय का बघा.”

त्यानं पुन्हा पहिल्यापासून शोधलं. “कोण?”

“हे बघून टाळ्या वाजवणारा.”

चपला घालताना विक्रांत एवढंच म्हणाला, “शुक्रवारी, अकरा वाजता. काकांकडं.”

मी रोज सकाळी देवापुढं दिवसभराचा एक नियम घेते. कधी मीठ सोडायचं, कधी कुणाला टाकून बोलायचं नाही, असले साधेच. दुसऱ्या दिवशी मात्र जरा लांबचा नियम घेतला की अंक पुरा होईतोवर गोड खाणार नाही, आणि खिडकीपाशी लिहायला बसले.

आत्याचं मरण लिहायला मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. काळदंत शहरावर लोखंडी गांधीलमाश्या सोडतो. उल्कावीर आकाशात त्यांच्याशी झुंजतोय आणि नेहमीसारखे विनोद करतोय : ‘रांगेत या गं बायांनो, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना मार मिळेल!’ खाली आत्या त्याचा डबा घेऊन निघालीय. विनोद आवडला म्हणून उल्कावीर आणखी एक करतो. तेवढ्या वेळात बाजारातली भिंत आत्यावर पडते.

म्हणून तो हसायचं विसरतो. आत्याला दुसऱ्यानं मारलं एवढ्यासाठीच नाही; आपण हसवत बसलो होतो म्हणून.

ते पान लिहून झालं तशी मी उठले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर आमचे हे शाळेतून जेवायला आलेले.

“भर दुपारी डोक्यावरून आंघोळ? कोण गेलं?”

“कमळाआत्या.”

“अरे देवा! कधी?”

“आत्ता. सोळाव्या पानावर.”

हे पाटावर बसले. भाकरी मोडली, पण घास काही घेतला नाही. “आपल्याला सुतक आहे का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“काहीतरीच काय! मी आपलं गोड सोडलंय.”

“मग मीही सोडतो. माझ्या चांगल्या ओळखीची होती ती.”

खरं अडलं ते कड्यावर. उल्कावीरनं काळदंताला मानगुटीला धरून किल्ल्याच्या टोकावर लटकत ठेवलं होतं आणि मला पुढचं पान सुचत नव्हतं. पहिल्या दिवशी मी उल्कावीरच्या तोंडी क्षमेवर चार वाक्यं घातली. वाचली, तर ते प्रवचन झालं होतं. मुलांनी पान उलटलं असतं. मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी त्याला पूर्वीसारखा विनोद करायला लावला, तर तो आत्याच्या चितेवर बत्तासे उधळल्यासारखा वाटला. तोही फाडला. विक्रांत म्हणत होता तसं उल्कावीरनं बोटं सैल केली असती, तर खरं सांगते, गोष्ट झटक्यात संपली असती. मुलांना आवडलीही असती. मला ते लिहिता आलं नसतं असं नाही. ते पान माझ्या डोळ्यांपुढं लख्ख दिसत होतं. मी ते लिहिणार नव्हते, इतकंच.

शुक्रवारी सकाळी अभिषेकाला उभी होते तेव्हा पुढचं पान सुचलं. कसं सुचलं ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही. घरी येऊन एका बैठकीत लिहून काढलं आणि तशीच बापूंकडं गेले.

बापू पलंगावर लोडाला टेकून बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर हिरवं कापड. काकू दारात उभ्या होत्या. “रत्नाक्का, डॉक्टरांनी सांगितलंय, यांनी हसायचं नाही, रडायचं नाही, खोकायचं नाही. तशी बेतानं वाच बाई.”

“तू गप गं,” बापू म्हणाले. “अक्का, मला वाचता येत नाही म्हणून ऐकतोय. माझ्याकडं बघून काही बदलू नका.”

मुजावर मास्तर खुर्चीवर मांडीवर पॅड घेऊन बसले. विक्रांत खिडकीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून.

माझा आवाज मुळात बारीक. पण त्या खोलीत तो पुरला. बाजारातली भिंत पडली तेव्हा काकू दारातून आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. उल्कावीर घरी येतो, चूल थंड आहे, तो दिवसभर नुसता उंबऱ्यावर बसून राहतो, त्या पानावर मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग तो उठतो. महिनाभर काळदंताला शोधतो. एकही विनोद नाही. लोक त्याला हाका मारतात, तो वळून बघत नाही. आणि शेवटी किल्ला, कडा, खाली दरी.

“चित्र पहिलं,” मी वाचलं. “उल्कावीरचा हात. हाताच्या टोकाला काळदंत. दुसरं. नुसती दरी. तिसरं. उल्कावीरचे डोळे.”

“सोड त्याला,” विक्रांत पुटपुटला.

“चौथं. काळदंत म्हणतो, ‘उल्कावीरा, मला...’ आणि त्याला उचकी लागते.”

“काय लागते?” बापूंनी विचारलं.

“उचकी. पाचवं चित्र. ‘मला, उचक्, सोडू, उचक्, नको.’ सहावं. उल्कावीरच्या तोंडून सवयीनं निघून जातं, ‘कुणी आठवण काढली रे तुझी?’”

मास्तरांनी मान वर केली.

“सातवं. काळदंत लटकल्या लटकल्या विचार करतो. मग म्हणतो, ‘माझी? उचक्. माझी कोण काढणार?’ आठवं. कुणी काही बोलत नाही. वारा. नववं. उल्कावीर म्हणतो, ‘मीच. महिना झाला, उठता-बसता मी तुझीच आठवण काढतोय.’ दहावं. काळदंत : ‘मग जरा, उचक्, थांबव की बाबा!’”

बापूंच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मग दुसरा. काकू ओरडल्या, “अहो, डोळा! डोळा!” पण बापू पोट धरून हसत होते आणि पट्टीच्या खालून पाणी ओघळत होतं. मास्तरांचे खांदे हलत होते. काकू पदरानं बापूंचा गाल टिपत होत्या आणि स्वतःच हुंदका देत हसत होत्या.

मी थांबले नाही. “अकरावं. उल्कावीरला हसू फुटतं. त्याचे डोळे भरलेत. बारावं. तो काळदंताला वर ओढतो आणि कमरेची बाटली काढून त्याला पाणी पाजतो. संपलं.”

खोलीत सगळे जरा सावरले. विक्रांत एकटाच तसाच उभा होता.

“मारलं नाही,” तो म्हणाला.

बापूंनी नाक पुसलं. “विकू, इकडं बस. तुझ्या मनासारखं करू. अक्का, तेवढं शेवटचं चित्र बदला. पाणी नको. हात सोडून द्या. काय विकू? सोडायचा हात?”

विक्रांत बसला. माझ्या हातातला कागद घेऊन त्यानं ते पान स्वतः वाचलं. सावकाश, दोनदा. त्याच्या तोंडावरून मला काही कळेना. उल्कावीर माझा राहतो की जातो, ते त्या वेळी त्याच्या हातात होतं. बापूंनी ते त्याच्यावरच टाकलं होतं.

“आता नाही सोडता येत,” तो शेवटी म्हणाला. “आता सोडला तर पोरं उल्कावीरच्याच तोंडावर थुंकतील.” आणि जरा चिडूनच माझ्याकडं बघून म्हणाला, “हसवून बांधून टाकलेत तुम्ही त्याचे हात.”

“मी नाही,” मी म्हटलं. “त्यालाच हसू आलं.”

अंक निघाला. मास्तरांनी उंबऱ्यावर बसलेल्या उल्कावीरचं चित्र असं काढलं होतं की मशीनवरच्या बाळूनं त्या पानाची एक प्रत घडी करून खिशात ठेवली. गठ्ठे परत येणं थांबलं. पत्रं तर पोत्यानं येऊ लागली. एका मुलीनं लिहिलं होतं, आईला उचकी लागली की आता आम्ही काळदंताचं नाव घेतो. उरलेल्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं.

ते म्हणणं घेऊन विक्रांत एका दुपारी माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

“बाई, आत्याला परत आणू या.”

मी लिहिणं थांबवलं.

“सगळीकडं आणतात हो! परवाच वाचलं, एकाला तर तीनदा परत आणलंय. आपण म्हणू, भिंत पडली पण आत्या तळघरात अडकली होती. नाहीतर मास्तरांची ती जुळी बहीण...”

“विक्रांत, ती मेली.”

“अहो, मला माहितीये ती मेली! मीच तर...” तो थांबला. खुर्ची ओढून बसला. “मला नव्हतं वाटलं असं होईल. घर रिकामं दिसतंय त्या चित्रांमधलं. परवा मी जुने अंक काढून बसलो होतो. थालीपीठाचे.”

“तिला परत आणलं तर तिच्यासाठी रडलेले सगळे खोटे पडतील,” मी म्हटलं. “तुम्हीसुद्धा.”

“तुम्ही फार कडक आहात, बाई. दिसत नाही, पण आहात.”

मी कागद सारखे केले.

“मग पुढचा अंक कशावर?” त्यानं पडेल आवाजात विचारलं.

“तेराव्याच्या जेवणावर.”

“अरे देवा.”

“सगळं शहर जेवायला आलंय. वाढपी कमी पडलेत. म्हणून उल्कावीर स्वतः वाढायला घेतो, आणि पंगत लांब म्हणून उडत उडत वाढतो.”

विक्रांतनं वर पाहिलं. “तेराव्याला विनोद?”

“तुम्ही कधी तेराव्याला जेवलाय का? तिथं काय सगळे गप्प बसून जेवतात होय?”

तो विचारात पडला. बोटानं टेबलावर काहीतरी गिरवत राहिला. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “अक्का, आमटीचं पातेलं घेऊन तो वरून येतोय, आणि पाट चुकवताना पातेलं कललं तर?”

“कुणाच्या पानात?” मी विचारलं आणि कोरा कागद पुढं ओढला.